सरासरी मुलगी मुलाखतीला येत नाही

प्रति,
नागपूर विभागातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांचे आणि तंत्रनिकेतनांचे ट्रेनिंग अँड प्लेसमेंट अधिकारी

सस्नेह नमस्कार.

तुमच्यापैकी काही जण माझ्या वर्गात बसून गेले आहात, त्यामुळे ‘आपण’ लिहिताना हात अडखळतो. ‘तुम्ही’च म्हणते.

उद्योग आणि महाविद्यालयं यांच्या अलीकडच्या एका बैठकीला मलाही बोलावणं होतं. मेकॅनिकलच्या कॅम्पस ड्राइव्हसाठी एका कंपनीने कळवलं होतं, ‘ओन्ली बॉइज’. त्यावर एका प्राध्यापिकेने हरकत घेतली. तेव्हा तुमच्यातलेच एक टीपीओ उभे राहिले आणि म्हणाले, “मॅडम, यात भेदभाव कसला? जॉर्डन पीटरसनने आकड्यांनिशी सिद्ध केलं आहे. मुलींना माणसांत रस असतो, मुलांना वस्तूंत. कंपनी फक्त निसर्ग ओळखते आहे.” मागच्या रांगांतल्या मुलांनी टाळ्या वाजवल्या, अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं आणि सगळे चहाला उठले. सांख्यिकी शिकवण्यात ज्यांची उमर गेली त्यांच्यासमोर ‘आकड्यांनिशी सिद्ध’ असं म्हणून चहाला जाणं बरं नाही. म्हणून हे पत्र.

आधी पीटरसन काय म्हणतात ते नीट मांडते. टाळ्या वाजवणाऱ्यांनी तीस सेकंदांच्या रील पाहिल्या असाव्यात अशी मला शंका आहे. ते कॅनडाचे मानसशास्त्रज्ञ, टोरांटो विद्यापीठात शिकवत. जानेवारी २०१८ मध्ये ब्रिटनच्या चॅनल ४ वर कॅथी न्यूमन यांनी त्यांची मुलाखत घेतली आणि ते जगभर पोहोचले. न्यूमनबाई त्यांच्या तोंडी ते न बोललेली वाक्यं घालत होत्या आणि ते शांतपणे नाकारत होते, त्यामुळे ती मुलाखत त्यांच्या चाहत्यांना पाठ आहे. त्यांचा मुद्दा असा होता : पुरुष आणि स्त्रियांच्या सरासरी कमाईतला फरक एकट्या लिंगभेदातून येत नाही. कामाचे तास, व्यवसायाची निवड, स्वभाव, पगारासाठी भांडण्याची तयारी अशी अनेक कारणं असतात आणि ती वेगळी काढून मोजावी लागतात. पूर्वग्रह हे त्यातलं एक कारण आहे हे त्यांनी त्या मुलाखतीतही नाकारलं नाही. ते इतर समजतात तेवढं मोठं नाही, असं त्यांचं म्हणणं. दुसरा मुद्दा स्कँडिनेव्हियाचा. स्वीडन, नॉर्वेसारख्या देशांनी स्त्री-पुरुष समानतेसाठी सगळ्यात जास्त केलं, तरी तिथे नर्स बहुतेक बायका आणि इंजिनिअर बहुतेक पुरुष. समाजाने अडथळे काढले की उरलेला फरक अधिक ठळक होतो, असा त्यांचा निष्कर्ष.

यातलं बरंच मी मान्य करते. अनेक कारणं वेगळी काढून मोजायची ही गोष्ट तर मी आयुष्यभर फळ्यावर लिहीत आले. आवडींमधला फरकही खोटा नाही. २००९ मध्ये रॉंग सू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ५ लाखांहून अधिक लोकांच्या आवडींच्या चाचण्या एकत्र करून पाहिल्या. वस्तू विरुद्ध माणसं या मापावर स्त्री-पुरुषांच्या सरासरीत जवळजवळ एका प्रमाण विचलनाचं (आकडे सरासरीभोवती किती पसरतात त्याच्या मापाचं) अंतर निघालं. मानसशास्त्रात एवढं मोठं अंतर क्वचित दिसतं. २०१८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात ७६ देशांतल्या ८० हजार लोकांचा अभ्यास आला. श्रीमंत आणि समान देशांत पसंतींतला फरक जास्त, असंच तिथेही दिसलं. धोक्याची कामं बहुतेक पुरुष करतात आणि कामावर मरतातही बहुतेक पुरुषच, हे पीटरसन सांगतात. तेही खरं आहे, आणि स्त्रीवादी मैत्रिणींनी ते ऐकून घ्यायला हवं.

पण यातून ‘ओन्ली बॉइज’ कसं निघतं?

पीटरसन स्वतःच एक आकडा सांगतात, तो तुमच्या रीलमध्ये येत नाही. लोकांतून एक पुरुष आणि एक स्त्री अशी सहज उचला आणि पैज लावा की बाई जास्त मिळतंजुळतं घेणारी निघेल. साधारण ६० टक्के वेळा तुम्ही जिंकाल. म्हणजे ४० टक्के वेळा हराल. दर शंभरात चाळीस वेळा चुकणारी चाचणी तुमच्या मेट्रॉलॉजी म्हणजे मोजमापाच्या लॅबमध्ये कोणी टेबलावर तरी ठेवू देईल का? आवडींच्या बाबतीत अंतर मोठं आहे, तिथे पैज शंभरातली पंचाहत्तर वेळा जिंकता येईल. तरीही ती पैज रस्त्यावरून उचललेल्या माणसांवर आहे, आणि अडचण नेमकी इथे आहे. तुमच्या ड्राइव्हला रस्त्यावरची सरासरी मुलगी येतच नाही. जी येते तिने बारावीला गणित घेतलं, सीईटी किंवा जेईई दिली, आईवडिलांशी आणि बहुधा एका काकांशी वाद घालून कॉम्प्युटर सोडून मेकॅनिकल घेतलं, चार वर्षं वर्कशॉपमध्ये फाइलिंग आणि वेल्डिंग केलं, थर्मोडायनामिक्स पास झाली. चाळून घेतलेल्या धान्याचा भाव न चाळलेल्या पोत्याच्या सरासरीने ठरवावा, तसं तुम्ही करता आहात. सगळ्या स्त्रियांच्या आवडीचं सरासरी मोजमाप त्या मुलीबद्दल जवळजवळ काहीच सांगत नाही, कारण तिच्या आवडीचा पुरावा तिच्या मार्कशीटमध्ये आधीच आहे. याला सशर्त संभाव्यता म्हणतात. दुसऱ्या वर्षाच्या गणितात असते.

पीटरसनचे चाहते इथे एक हुशार मुद्दा काढतात, तोही घेते. सरासरीत थोडा फरक असला तरी वितरणाच्या अगदी टोकाला तो फार मोठा होतो, असं ते म्हणतात. गणित बरोबर आहे. पण बुटीबोरीच्या कारखान्यात ग्रॅज्युएट इंजिनिअर ट्रेनी म्हणून घ्यायची माणसं हजारात एक अशी टोकाची नसतात. आणि ती तशी असती, तर टोकावर कोण आहे हे मुलाखत घेऊनच कळलं असतं, मुलाखतीच्या दारात थांबवून नाही.

आता स्कँडिनेव्हिया. त्या युक्तिवादाची सगळी ताकद एका अटीवर आहे : अडथळे काढल्यावर जे उरतं ते आवड. अट पूर्ण झाली नाही तर उरलेल्याला आवड म्हणता येत नाही. ही अट पीटरसन यांचीच आहे. मग ती वर्धा रोडवर पूर्ण झाली आहे का? २०२३-२४ च्या श्रमबल सर्वेक्षणात देशाच्या शहरी भागात १५ वर्षांवरच्या स्त्रियांपैकी काम करणाऱ्या किंवा शोधणाऱ्या फक्त २८ टक्के होत्या. पुरुष ७५ टक्क्यांहून अधिक. उरलेल्या ७२ टक्के बायकांना नोकरीची आवड नाही, असं कोणी म्हणेल तर त्याने आधी स्वतःच्या घरात विचारून पाहावं.

आणि आपल्याकडचे आकडे त्यांच्या चित्रात बसतही नाहीत. विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी आणि गणितातल्या पदवीधरांत भारतात मुली सुमारे ४३ टक्के आहेत, जगातल्या बहुतेक श्रीमंत देशांपेक्षा जास्त. नुसत्या इंजिनिअरिंगमध्ये तो वाटा खाली येतो हे खरं. पण आयआयटींचं काय झालं ते पाहा. २०१६ च्या सुमारास तिथे दर शंभरात मुली आठ-नऊ असत. २०१८ पासून मुलींसाठी जादा जागा आल्या. मुलांच्या जागा कमी झाल्या नाहीत, प्रवेश परीक्षा सगळ्यांना तीच राहिली. दोन वर्षांत २० टक्क्यांचं उद्दिष्ट गाठता आलं. एनआयटींनाही तीच पद्धत लागू झाली, आपल्या व्हीएनआयटीलाही. दोन वर्षांत स्त्रीजातीचा स्वभाव बदलला का? परीक्षा तीच, मेंदू तोच, फक्त घरच्यांचा ‘एवढ्या लांब कशाला’ हा हिशोब बदलला.

पण या विषयावर नागपूरला जे सांगता येतं ते टोरांटोला सांगता येणार नाही, म्हणून खाणींबद्दल थोडं सविस्तर लिहिते. वेस्टर्न कोलफिल्ड्सचं मुख्यालय आपल्याकडे, मँगनीज काढणाऱ्या मॉइलचं आपल्याकडे, इंडियन ब्युरो ऑफ माइन्स आपल्याकडे. उमरेड, सावनेर, सिल्लेवाडा, मनसर ही नावं तुम्हाला शिकवायची गरज नाही. ‘खाणीत बायका कुठे दिसतात?’ हा प्रश्न मी इथल्या कितीतरी पुरुषांकडून ऐकला आहे, विजयी स्वरात. त्याचं उत्तर असं.

भारतात कोळशाच्या खाणींत स्त्रिया जमिनीखाली काम करत होत्या, मोठ्या संख्येने. नवरा कोळसा फोडी, बायको टोपलीत भरून वाही. १९२९ मध्ये इंग्रज सरकारने नियम करून त्यांना टप्प्याटप्प्याने वर काढायला सुरुवात केली आणि तीस सालानंतरच्या दशकात ते पूर्ण झालं. मग महायुद्ध आलं, कोळसा कमी पडू लागला आणि १९४३ मध्ये बंदी उठली. त्यात मध्य प्रांतही होता, म्हणजे ज्याची राजधानी नागपूर तोच. तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. फेब्रुवारी १९४४ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात या निर्णयावर चर्चा झाली. हा तात्पुरता, नाइलाजाचा उपाय आहे असं बाबासाहेबांनी सांगितलं आणि त्यासोबत एक गोष्ट ठणकावून मांडली : खाली उतरणाऱ्या स्त्रीला पुरुषाइतकीच मजुरी मिळेल, आणि समान कामाला समान वेतन हे तत्त्व आपल्या समजुतीप्रमाणे कुठल्याही उद्योगात पहिल्यांदाच मान्य होत आहे. युद्ध संपलं, १९४६ मध्ये बंदी परत आली. १९५२ च्या खाण कायद्याने स्त्रीला जमिनीखाली जायला मनाई केली आणि जमिनीवरही रात्री ७ ते सकाळी ६ काम करू दिलं नाही.

बंदीमागचा हेतू वाईट होता असं मी म्हणत नाही. त्या काळी खाली बायकांची अवस्था भयानक होती. पण परिणाम पाहा. पुढची सदुसष्ट वर्षं कायद्याने दार बंद आणि बाहेर उभे राहून आपण म्हणतो, बायकांना खाणीत रस नाही.

ज्यांना रस होता त्यांचं काय झालं? डॉ. चंद्राणी प्रसाद वर्मा या चंद्रपूरच्या मुलीला मायनिंग इंजिनिअरिंगला प्रवेश हवा होता. ती शाखा मुलींना बंद. १९९० च्या दशकात त्यासाठी त्यांना उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात जावं लागलं. त्या जिंकल्या, शिकल्या, देशातल्या पहिल्या महिला मायनिंग इंजिनिअर म्हणून ओळखल्या गेल्या आणि पुढे नागपुरातच केंद्रीय खाण व इंधन संशोधन संस्थेच्या केंद्रात शास्त्रज्ञ झाल्या. आवड सिद्ध करायला कोर्टाचा हुकूम लागतो, त्या व्यवस्थेत ‘अर्जच येत नाहीत’ हे निरीक्षण कशाचं मोजमाप आहे ते तुम्हीच सांगा. २०१९ मध्ये केंद्र सरकारने तांत्रिक, पर्यवेक्षकीय आणि व्यवस्थापकीय कामांसाठी स्त्रियांना लेखी संमतीने भूमिगत खाणीत दिवसपाळीची सूट दिली. दोनच वर्षांत, २०२१ मध्ये, कोल इंडियाच्या झारखंडमधल्या सेंट्रल कोलफिल्ड्सने भूमिगत खाणीत महिला मायनिंग इंजिनिअर नेमली. म्हणजे दार किलकिलं होताच कोणीतरी आत गेलं.

आणि ‘कष्टाची कामं पुरुषांची’ हे तर विदर्भात बोलूच नये. निंदण कोण करतं? कापूस कोण वेचतं? भंडारा-गोंदियात दिवसभर चिखलात वाकून धानाची रोवणी कोण करतं? त्या कामाची मजुरी पुरुषांच्या कामापेक्षा कमी असते आणि कारण विचारलं तर ‘ते हलकं काम आहे’ असं सांगतात. ज्याने सांगितलं त्याला एक दिवस रोवणीला पाठवावं, एवढंच म्हणते. १९४२ च्या जुलैत नागपुरात दलित महिलांची अखिल भारतीय परिषद भरली होती. तिथे जमलेल्या हजारो बायकांनी गिरण्यांत, विडी कारखान्यांत, नगरपालिकेत, रेल्वेत राबणाऱ्या स्त्रियांसाठी रजा आणि पेन्शन मागणारा ठराव केला. कामाची आवड आहे की नाही हा प्रश्न त्यांना कोणी विचारला नव्हता.

कामाचे तास आणि मुलं यांबद्दल मात्र पीटरसन एका खऱ्या दुखण्यावर बोट ठेवतात. वरच्या जागांसाठी आठवड्याला साठ-सत्तर तास द्यावे लागतात आणि तिशीतल्या अनेक हुशार स्त्रिया ते द्यायला नकार देतात, असं ते सांगतात. क्लॉडिया गोल्डिन यांना २०२३ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते याच प्रश्नावरच्या कामासाठी. ज्या नोकऱ्या कधीही बोलावणं आलं की हजर होणाऱ्याला अवाच्या सवा पैसे देतात, तिथे नवरा-बायकोपैकी एकालाच ती नोकरी परवडते, आणि बहुतेक घरांत ‘एक’ कोण हे आधीच ठरलेलं असतं. डेन्मार्कच्या नोंदींत पहिलं मूल झाल्यावर आईची कमाई सुमारे २० टक्क्यांनी मागे पडते आणि पुढेही भरून निघत नाही. बापाच्या कमाईला ओरखडाही येत नाही. स्कँडिनेव्हियातला समानतेचा तो सपाट रस्ता पाळण्यापर्यंतच सपाट आहे. आपल्याकडे २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला २८९ मिनिटं घालवतात, पुरुष ८८. (ही ८८ मिनिटं फक्त त्या पुरुषांची, ज्यांनी त्या दिवशी घरात काही केलं. ज्यांनी काहीच केलं नाही ते या सरासरीत धरलेलेच नाहीत. परीक्षेत हा प्रश्न मी आवडीने विचारला असता.) या फरकाला स्वभाव म्हणायचं की सवय, यावर वाद घालायला मी तयार आहे. पण बावीस वर्षांच्या, लग्न न झालेल्या, हातात मेकॅनिकलची पदवी असलेल्या मुलीला तिच्या न जन्मलेल्या मुलाच्या नावाने आजच नकार देणं हा वादाचा विषय नाही. ते बेकायदा आहे.

हो, बेकायदा. सारख्या कामासाठी भरती करताना लिंगावरून भेदभाव करू नये हे १९७६ च्या समान वेतन कायद्यात होतं आणि त्याची जागा घेणाऱ्या २०१९ च्या वेतन संहितेतही आहे. अपवाद एकच : जिथे कायद्यानेच स्त्रियांना मनाई केली आहे किंवा मर्यादा घातली आहे. ‘रात्रपाळी असते’ हे कारणही आता टिकत नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या कामगार संहितांनी स्त्रीच्या संमतीने आणि सुरक्षेच्या अटींवर रात्रपाळीला मुभा दिली आहे. मग उरतं ते वाहतुकीचं. पाळी सुटल्यावर रात्री साडेअकराला बुटीबोरीहून किंवा हिंगण्याहून मुलीने यायचं कसं? हा प्रश्न मात्र खरा आहे. त्याचं उत्तर कंपनीची बस आहे, मुलीचं नाव यादीतून काढणं नाही. आणि ती बस मुलांनाही हवी आहे, अंधारात दुचाकीवरून येणारी मुलं काय अमर आहेत?

तुमची अडचण मला कळते. कंपनी नाराज झाली तर पुढच्या वर्षी येणार नाही, प्लेसमेंटचा आकडा पडेल, वर्तमानपत्रातल्या जाहिरातीत टक्के कमी दिसतील, संचालक तुम्हाला बोलावतील. म्हणून एकट्या कॉलेजने काही करावं असं मी सांगत नाही. तुम्ही सगळे एकमेकांना ओळखता, तुमचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे, कोणती कंपनी बॉण्ड लिहून घेते आणि कोणती ऑफर लेटर उशिरा देते याची चर्चा तिथे रोज चालते. त्याच ग्रुपवर एक ठरवा : ‘ओन्ली बॉइज’ किंवा ‘मेल कँडिडेट्स’ लिहिलेलं पत्र कोणत्याही कॉलेजने सूचना फलकावर लावायचं नाही. कंपनीला परत पाठवायचं आणि वेतन संहितेचं कलम ३ सोबत जोडायचं. ज्या कंपनीला एका कॉलेजने परत पाठवलं तिला दुसऱ्याने गुपचूप बोलवायचं नाही. हे दुसरं पहिल्यापेक्षा अवघड आहे, मला ठाऊक आहे.

आणि मोजा. प्रत्येक ड्राइव्हला किती मुली पात्र होत्या, किती बसल्या, लेखी परीक्षेतून किती पुढे गेल्या, मुलाखतीत किती गळल्या, ऑफर किती जणींना आली, पहिल्या वर्षानंतर किती जणी टिकल्या, याची नोंद शाखेवार ठेवा. मुलांचीही ठेवा, तुलनेशिवाय आकड्याला अर्थ नाही. तीन वर्षांची अशी नोंद जमली की मग पीटरसन बरोबर की चूक यावर आपण नागपूरच्या आकड्यांवरून बोलू. मुली पात्र ठरूनही स्वतःच बसत नाहीत असं दिसलं, तर तसं मी जाहीरपणे लिहीन. लेखी परीक्षेत बरोबरीने येऊन मुलाखतीत गळतात असं दिसलं, तर त्या टीपीओंनी पुढच्या बैठकीत उभं राहून तसं सांगावं.

नोंदीचा तक्ता कसा आखायचा ते मी करून देते, मानधन नको. तुमच्या ग्रुपमध्ये माझे विद्यार्थी आहेत, त्यांच्याकडे माझा नंबर आहे. बैठक कोणत्याही कॉलेजात ठेवा, फक्त मे महिन्यात दुपारी ठेवू नका.

आपली,
एक निवृत्त सांख्यिकी प्राध्यापिका
धरमपेठ, नागपूर